मुलाच्या फोनमध्ये लपून बसणारं पेरेंटल कंट्रोल अ‍ॅप: वर्षाचे पैसे भरले आणि चार महिन्यात काढून टाकलं

रेटिंग: ५ पैकी १ स्टार

अ‍ॅपचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण या धर्तीची बरीच अ‍ॅप्स आहेत आणि माझं म्हणणं त्या सगळ्यांनाच लागू पडेल असं वाटतं. जाहिरात तुम्हीही पाहिली असेल, "तुमचं मूल फोनवर काय करतंय हे त्याला न कळता जाणून घ्या". माझा मुलगा नववीत आहे, १४ वर्षांचा. दिवाळीनंतर फोन घेऊन गच्चीवर जायला लागला, मी खोलीत आले की स्क्रीन उलटी करून ठेवायचा, त्यात सोसायटीच्या ग्रुपवर रोज कुठल्या ना कुठल्या पोराची बातमी फॉरवर्ड होऊन यायची, मग मी घाबरले आणि रात्री दीड वाजता ते अ‍ॅप विकत घेतलं. वर्षाचे साडेतीन हजार.

इन्स्टॉल करतानाच मी थांबायला हवं होतं. हे अ‍ॅप प्ले स्टोअरवर नसतं, त्यांच्या साइटवरून फाइल डाउनलोड करायची, मग फोनमधलं प्ले प्रोटेक्ट (घातक अ‍ॅप्स पकडणारी गूगलची सोय) बंद करायचं, अ‍ॅक्सेसिबिलिटीची परमिशन द्यायची, नोटिफिकेशन वाचायची परमिशन द्यायची आणि शेवटी आयकॉन लपवायचा. म्हणजे मुलाला सुरक्षित करायला म्हणून त्याच्या फोनची जी कडी आतून लावलेली होती ती मीच काढली. अ‍ॅक्सेसिबिलिटी दिली की अ‍ॅप स्क्रीनवरचं सगळं वाचू शकतं, मेसेज काय, टाइप केलेलं काय, आणि ते सगळं त्यांच्या सर्व्हरवर जातं. माझ्या मुलाचे आणि त्याच्याशी बोलणाऱ्या त्याच्या मित्रांचेही मेसेज कुठल्या देशातल्या कुठल्या कॉम्प्युटरवर पडलेत हे मला आजही माहीत नाही, आणि त्या पोरांच्या आयांना तर मी विचारलंसुद्धा नव्हतं. याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता मुख्य काम, अलर्ट, म्हणजे मुलाच्या मेसेजमध्ये यादीतला धोक्याचा शब्द दिसला की मला येणारी सूचना. पहिल्या महिन्यात दोनशेच्या वर अलर्ट आले. लाल रंगात, आवाज करत, मी ऑफिसात असताना. उघडून बघावं तर गेम खेळताना मित्राला लिहिलेलं "किल", "शूट", मॅच हरल्यावर "आय अ‍ॅम डेड". पहिल्या आठवड्यात दोनदा हाफ डे टाकून घरी आले, बघते तर पोरगं वरणभात खात बसलेलं. मग माझं मन मेलं, अलर्ट वाजला तरी बघेनासे झाले. आणि इथेच हे अ‍ॅप आपल्याकडे का चालत नाही ते सांगते. त्याची शब्दांची यादी इंग्रजी. आपली पोरं लिहितात मराठी नाहीतर हिंदी, तेही इंग्रजी अक्षरांत, मनाला येईल त्या स्पेलिंगनं. "बघतोच तुला", "घरी सांगू का", "आई बापाला कळलं तर" यातलं त्या अ‍ॅपला एक अक्षर कळत नाही.

फेब्रुवारीत जे व्हायचं ते झालंच. मुलगा जो गेम खेळतो त्यात एक "दादा" भेटला, फुकट डायमंड (गेममधले पैसे) देतो म्हणाला, तिथून टेलिग्रामवर नेलं, आधी गोड बोलून फोटो मागवला, साधाच, शाळेच्या ड्रेसमधला. मग तो चेहरा दुसऱ्याच कुठल्यातरी घाणेरड्या फोटोवर चिकटवून परत पाठवला आणि पाच हजार मागितले, नाहीतर क्लासच्या ग्रुपवर टाकतो म्हणाला. हे तीन दिवस चाललं होतं. तीन दिवस माझं पोरगं नीट जेवत नव्हतं आणि मी मोबाइल जास्त होतोय म्हणून ओरडत होते.

त्यानं सांगितलं कुणाला, तर त्याच्या आत्याला. ती पुण्यात असते. रात्री अकराला फोन करून म्हणाला, "आत्या, आईला सांगणार नसशील तर एक सांगू?" ती म्हणाली, "आईला सांगावं तर लागेल रे, पण आपण दोघं मिळून सांगू, आणि ती ओरडली तर मी आहे." दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आली. मला स्वयंपाकघरात नेऊन म्हणाली, "वहिनी, आधी कुकर बंद करा आणि बसा. पाच मिनिटं काही बोलू नका, फक्त ऐका." मी ऐकलं. त्याला मग विचारलं, मला का नाही सांगितलंस बाळा? तर म्हणाला, "तू फोन काढून घेतला असतास, आणि तुझं ते अ‍ॅप मला माहीत होतं आई, मला वाटलं तू वाचतेयसच आणि तरी काही बोलत नाहीयेस."

हे वाक्य मी विसरू शकत नाही. सेटिंगमधल्या अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या यादीत त्याला ते अ‍ॅप महिनाभर आधीच दिसलं होतं. नंतर मी डॅशबोर्ड (अ‍ॅपचं पान, जिथे त्याचे मेसेज मला दिसायचे) उघडून मागे गेले तर तो धमकीचा मेसेज तिथे होता, रात्री ११:४०, आणि त्या दिवसापुढे हिरवा ठिपका. धोका नाही.

पुढे काय केलं ते लिहिते, कुणाच्या उपयोगी पडेल. पैसे एक रुपयाही दिले नाहीत, कारण एकदा दिले की पुन्हा मागतात. चॅट डिलीट केलं नाही, आधी सगळ्याचे स्क्रीनशॉट काढले, त्या माणसाचं युजरनेम आणि त्यानं दिलेला यूपीआय आयडी लिहून घेतला, मग रिपोर्ट आणि ब्लॉक. सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर महिला आणि मुलांसाठी वेगळा विभाग आहे, तिथे नाव न देतासुद्धा तक्रार करता येते, आम्ही नाव देऊन केली. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन करायचा, जितका लवकर तितका पैसे अडकवायला चान्स जास्त. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहेच. आणि टेक इट डाउन नावाची एक फुकट सेवा आहे, अमेरिकेतल्या नॅशनल सेंटर फॉर मिसिंग अँड एक्स्प्लॉइटेड चिल्ड्रन या संस्थेची, १८ वर्षांखालच्यांच्या अशा फोटोंसाठी. फोटो आपल्या फोनमधून बाहेर जातच नाही, त्याचा फक्त एक कोड बनतो आणि तो इन्स्टाग्राम, फेसबुक, स्नॅपचॅट अशा सामील झालेल्या कंपन्यांना जातो, म्हणजे कुणी तोच फोटो तिथे टाकला तर त्यांना ओळखता येतो. एन्क्रिप्टेड चॅटमध्ये (जिथले मेसेज फक्त पाठवणारा आणि घेणाराच वाचू शकतो) ते लागू पडत नाही हे मात्र लक्षात ठेवा. आमच्या बाबतीत ब्लॉक केल्यावर त्या माणसाचं पुन्हा काही आलं नाही, फोटो कुठे गेल्याचंही दिसलं नाही.

आता काय वापरतो? गूगलचं फॅमिली लिंक, फुकट आहे. ते त्याच्या समोर बसून, त्याच्याच हातानं लावलं. त्यात मेसेज वाचता येत नाहीत आणि ते मला आता बरंच वाटतं. रात्री साडेदहाला फोन लॉक होतो, नवीन अ‍ॅप घ्यायचं तर मला विचारणा येते, बास. इन्स्टाग्रामची टीन अकाउंट्स (किशोरवयीन मुलांसाठीची) भारतात फेब्रुवारी २०२५ पासून आलीत, अकाउंट आपोआप प्रायव्हेट असतं, ज्यांना तो फॉलो करतो किंवा ज्यांच्याशी जोडलेला आहे त्यांचेच मेसेज येतात, रात्री दहा ते सकाळी सात नोटिफिकेशन बंद. पण हे सगळं वय खरं टाकलं असेल तर. आमच्या चिरंजीवांनी जन्मसाल २००० टाकलं होतं, हे त्यानंच स्वतः सांगितलं, मी विचारलंही नव्हतं, गच्चीवर वाळलेले कपडे काढायला गेलो होतो तेव्हा. मग दुरुस्त केलं.

तर ज्यांना हे लपणारं अ‍ॅप घ्यायचं मनात आहे त्यांनी घेऊ नका. ज्यांनी घेतलंय त्यांच्यासाठी शेवटचं, फोनमधून अ‍ॅप काढलं म्हणजे त्यांच्याकडचे मेसेज पुसले जात नाहीत. आधी डॅशबोर्डमध्ये जाऊन मुलाचं प्रोफाइल डिलीट करा, मग अकाउंट, मग डेटा डिलीट करा म्हणून मेल टाका, प्ले प्रोटेक्ट परत चालू करा, आणि ऑटोपे बंद करा नाहीतर वर्षानं परत पैसे कापतील. मी तीन मेल टाकलेत. पहिल्याला "विनंती मिळाली" असं आपोआप उत्तर आलं, बाकी दोन्हींना अजून काही नाही.