मेरठची दहा इंची कात्री: पोलाद चोख, जुळणी मात्र तपासून घ्या

मेरठची कात्री विकणारा दुकानदार एक ओळ हमखास ऐकवतो: ‘दादा ले, पोता बरते’. आजोबाने घ्यावी, नातवाने वापरावी. ओळ खोटी नाही, अर्धी आहे. नातवाच्या हाती येईपर्यंत त्या कात्रीला पंचवीसतीस वेळा धार लागलेली असते, दोनतीनदा स्क्रू बदललेला असतो, आणि कुणीतरी जाणत्याने हातोडीचे चार हलके ठोके देऊन पात्यांचा बाक परत आणलेला असतो. हे सगळे ज्या कात्रीत करता येते तीच तीन पिढ्या चालते. मेरठच्या कात्रीत ते करता येते, हा तिचा सर्वांत मोठा गुण. ते बऱ्याचदा पहिल्याच दिवशी करावे लागते, हा तिचा दोष.

इथे बोलतो आहोत ती शिंपीकामाची, घडीव पात्यांची, पितळी मुठीची दहा इंची कात्री. मेरठात साधारण सहा ते चौदा इंचांपर्यंतच्या कात्र्या होतात. घरच्या शिवणाला आठ इंची पुरते, कटिंग मास्तर बारा इंची उचलतात. दहा इंची दोघांच्या मधली.

मेरठच्या जुन्या वस्तीत कैंचियान नावाचा मोहल्लाच आहे. तिथला हा धंदा सतराव्या शतकापासूनचा, असे स्थानिक परंपरा सांगते. २०१३ मध्ये मेरठच्या कात्रीला भौगोलिक मानांकन मिळाले. एक कात्री वीस-बावीस हातांखालून जाते असे तिथले कारागीर म्हणतात, आणि काम कसे वाटलेले असते ते पाहिले तर आकडा पटतो. तुकडा कापणारा वेगळा, घडवणारा वेगळा, पाणी देणारा (म्हणजे तापलेले पाते बुडवून कठीण करणारा), मूठ ओतणारा, भोक पाडणारा, सहाणेवर घासणारा, पॉलिश करणारा, शेवटी जुळवणारा. बहुतेक जण तुकड्यावर, म्हणजे नगावर पैसे घेतात. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

पोलाद येते भंगारातून: मोटारी, बस, ट्रक, रेल्वे यांच्या मोडीतून, त्यातही स्प्रिंगच्या पाट्यांतून. भंगार म्हटल्यावर नाक मुरडायचे कारण नाही. ट्रकच्या पाट्यात साधारण ०.५ ते ०.६ टक्के कार्बन असतो, जोडीला मँगनीज आणि सिलिकॉन किंवा क्रोमियम. वाकून पुन्हा सरळ व्हायचे हेच त्याचे आयुष्यभराचे काम, त्यामुळे चिवटपणा अंगचाच. कात्रीला सुरीइतके कठीण पोलाद नकोच असते. सुरीची धार पाटावर टेकते, कात्रीची धार दुसऱ्या पोलादावर घासत जाते आणि वाटेत टाचणी आली तर तीही झेलते. फार कठीण पाते अशा वेळी वाकत नाही, टवका उडतो.

भंगाराची खरी अडचण वेगळीच. प्रत्येक गाडीचा पाटा वेगळ्या मिश्रणाचा. एकाला तेलात बुडवून नेमकी कठीणता येते, दुसऱ्याला तेवढ्याच तापावर अपुरी. कारागीर तापलेल्या पात्याचा रंग बघून अंदाज घेतो, पण पोलादाची जात रंगावरून कळत नाही. एका कात्रीची दोन पाती दोन वेगळ्या पाट्यांची निघाली, तर कठीण पाते मऊ पात्याला खात जाते. पाचसहा महिन्यांनी एकाच धारेवर चकाकणारी बारीक किनार दिसू लागली, तर समजावे की हेच झाले आहे. धार कितीही लावा, ती जोडी पुन्हापुन्हा तशीच होणार. दुसरी चूक टोकाची. टोक पातळ, भट्टीत तेच आधी तापते आणि बाकीचे पाते लाल होईपर्यंत ते जळायच्या बेतात येते. अशी कात्री टेबलावरून फरशीवर पडली की टोकाचा दोनतीन मिलिमीटरचा तुकडा सरळ तुटतो आणि तुटलेला भाग भरड, राखाडी, साखरेसारखा दाणेदार दिसतो.

मूठ वाळूच्या साच्यात ओतलेली असते. जुन्या भांड्यांची पितळ, कधी ॲल्युमिनियम, कधी नाव घेता येणार नाही अशी खिचडी. पितळ घ्या. कारण दिखाऊपणा नव्हे, वजन. पितळेची घनता ॲल्युमिनियमच्या तिपटीहून जास्त. पितळी मुठीने कात्रीचा तोल स्क्रूच्या मागे, तळहाताकडे येतो, आणि लांब कापताना मूठ स्वतःच्या भारानेच मिटायला मदत करते. ॲल्युमिनियमच्या मुठीची दहा इंची कात्री हलकी लागते खरी, पण टोक खाली ओढते आणि संध्याकाळी मनगट तक्रार करते. पितळ म्हणून सोनेरी रंग मारलेले ॲल्युमिनियम खपवणारेही आहेत. अंगठ्याच्या कडीत आत, जिथे पॉलिशची चिंधी पोचत नाही, तिथे नखाने खरवडा. मूठ आणि पाते जिथे भेटतात तिथे केसासारखी भेग किंवा सुईच्या भोकासारखे खड्डे दिसले तर ती जोडी बाजूला ठेवा. कात्री उघडून एक पाते बोटावर तोलून धरा आणि मुठीवर नाण्याने टकटक करा: टण्ण वाजली तर ओतकाम भरीव, बद्द वाजली तर आत पोकळी.

आता जुळणी. मेरठची कात्री इंग्लंडच्या शेफील्ड, जर्मनीच्या झोलिंगेन किंवा जपानच्या कात्रीशेजारी ठेवली तर पोलादातला फरक लोक समजतात तेवढा नाही. फरक आहे तो इथे.

चांगल्या कात्रीची पाती सरळ नसतात. प्रत्येक पाते किंचित धनुष्यासारखे बाकदार असते आणि त्याची आतली बाजू सपाट नसून नखभर खोलगट घासलेली असते. मिटलेली कात्री कडेने उजेडासमोर धरा. पाती टोकाला आणि स्क्रूच्या मागे टेकलेली दिसली पाहिजेत, मधे लांबट भिंगासारखी फट. कात्री मिटताना दोन धारा एका वेळी एकाच बिंदूवर भेटतात आणि तो बिंदू मुळापासून टोकापर्यंत सरकत जातो. कापड कापते ते त्या सरकत्या बिंदूवर. बाक कमी पडला की धारा मधेच एकमेकींना सोडतात, कापड दोन पात्यांच्या मधे आडवे शिरते आणि कात्री ‘चावते’. बाक जास्त झाला की धार धारेत रुतते आणि दोन्ही पात्यांना एकाच जागी खाच पडते.

हा बाक यंत्र नीट देत नाही, तो हातोडीने द्यावा लागतो. शेफील्डमध्ये हे काम करणाऱ्याला ‘पटर’ म्हणतात, आणि तिथे तो कारखान्यातला सर्वांत मानाचा कारागीर. १९०२ सालचा अर्नेस्ट राइट हा कारखाना २०१८ मध्ये बुडाला तेव्हा नेदरलँड्सच्या दोघांनी तो उचलला, आणि उचलण्यासारखे तिथे जे होते ते यंत्रांपेक्षा या पटरांचे हात. झोलिंगेनने वाट जरा वेगळी धरली. तिथल्या हेंड्रिक्स घडणखान्यात १८८६ पासून १९८६ पर्यंत कात्र्यांची कच्ची पाती साच्यात ठोकून काढत. आज ते संग्रहालय आहे. साच्यामुळे प्रत्येक पाते सारखे, म्हणून पुढच्या माणसाचे काम सोपे. १९३८ च्या कायद्यापासून झोलिंगेन हे नाव त्या परिसरात न बनलेल्या मालावर घालता येत नाही. जपानने पाश्चात्त्य शिंपीकात्री एकोणिसाव्या शतकात घेतली आणि तलवारींच्या लोहारकामाची परंपरा असलेल्या हातांनी ती हलकी केली. आजही कठीण पोलाद मऊ लोखंडावर चढवून केलेली जपानी कात्री रेशमावर कुणाला हार जात नाही. टाचणीवर मात्र ती पहिली हार जाते.

मेरठात शेवटच्या या हाताला नगावर पैसे मिळतात, आणि म्हणून एकाच डब्यातल्या बारा कात्र्यांत चार अप्रतिम, पाच चालतील अशा आणि तीन परत करण्याजोग्या, असे प्रमाण निघाले तर आश्चर्य वाटू नये. हा कारागिराचा अडाणीपणा नाही. त्याच माणसाला दहा मिनिटे जास्त आणि त्या दहा मिनिटांचे पैसे दिले तर तो कुठल्याही पटरच्या तोडीची जोडी देतो. डब्यातल्या किमतीत ती दहा मिनिटे धरलेलीच नसतात.

म्हणून ही कात्री ऑनलाइन मागवू नये, दुकानात उभे राहून चारपाच जोड्या काढून निवडावी. सोबत मलमलीची एक चिंधी न्या. उजेडाची परीक्षा वर आलीच. त्यानंतर कात्री काटकोनात उघडून एक मूठ धरा आणि दुसरी सोडा. पाते थोडे खाली येऊन अलगद थांबले तर स्क्रू बरोबर. धपकन मिटले तर सैल. जागचे हललेच नाही तर आवळलेला. सैल-घट्ट स्क्रू दुरुस्त होतो, त्यावरून जोडी नाकारू नका. रिकामी कात्री सावकाश मिटताना आवाज ऐका: मुळापासून टोकापर्यंत एकसारखा ‘खस्स’ हवा. मधे ‘टक्’ झाले तर तिथे उंचवटा आहे. शेवटी मलमल एकपदरी धरून फक्त टोकाच्या सेंटिमीटरभराने कापा, मग तीच चिंधी ओली करून. ओली मलमल टोकाने कापली, धागा न ओढता सुटली, तर दुसरी जोडी बघायची गरज नाही. जाड कापडावर परीक्षा घेऊ नका; डेनिम कुठलीही कात्री पहिल्या दिवशी कापते. लोहचुंबक लावून पाहण्याचाही उपयोग नाही, कात्र्यांना वापरतात ते स्टेनलेस पोलादही चुंबकाला चिकटते.

निवडून घेतलेली जोडी कामाला कशी? सुती, खादी, डेनिम, सोफ्याचे कापड, कॅनव्हास यांवर उत्तम. चार पदर डेनिम ती न कुरकुरता घेते, कारण स्क्रूजवळ पाते जाड आहे आणि मूठ भारी. पॉपलिन, कॉटन सिल्क ठीक. शिफॉन आणि जॉर्जेटवर ती घसरते, आणि तो धारेचा दोष नाही: त्या कापडाला एका पात्याला सूक्ष्म दाते असलेली कात्री लागते. डावखुऱ्यांसाठी बाजारात सहसा काहीच नसते. नुसती मूठ उलटी करून भागत नाही, पातीच आरशातल्यासारखी उलटी हवीत, नाहीतर डाव्या हाताचा दाब धारा एकमेकींपासून दूर ढकलतो.

धार लावण्यात या कात्रीचा जीव जातो किंवा वाचतो. फक्त बाहेरचा उतार घासायचा, मूळ कोन ठेवून. शिंपीकात्रीला तो साधारण साठ-सत्तर अंशांचा असतो. आतली खोलगट बाजू कधीही सपाट घासायची नाही. रस्त्यावरचा फिरत्या चाकाचा धारवाला घाईत नेमके हेच करतो आणि तीन मिनिटांत कात्री कायमची चावरी होते. चाकावर दुसरा धोका तापाचा: धारेवर निळी झाक आली की तिथले पाणी उतरले, पोलाद मऊ झाले. निळा भाग पुरता घासून काढेपर्यंत तिथे धार टिकणार नाही. धारवाल्याकडे पाण्यात फिरणारी सहाण असेल तर दोन पैसे जास्त द्या. सँडपेपर किंवा ॲल्युमिनियमची फॉइल कापून धार येते हा घरगुती उपाय म्हणजे फक्त वळलेली किनार जरा सरळ करणे, दोन दिवस पुरते. कागद कापू नये हे शिंपी ओरडून सांगतात ते बरोबरच आहे: कागदात चुनखडी आणि चिकणमातीची भर असते, ती धारेला कानशीसारखी लागते.

हे स्टेनलेस नाही. कोकणात, मुंबईत, गोव्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत ती उघडी ठेवलीत तर दोन दिवसांत तांबूस ठिपके येतात. गंज आधी धरतो तो स्क्रूभोवती, जिथे कापडाचा कोंडा अडकून ओल धरून ठेवतो. आठवड्याला मऊ ब्रशने कोंडा काढा, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब स्क्रूवर सोडा, दहावीस वेळा उघडझाप करून बाहेर आलेले तेल पुसा. तेल पुसले नाही तर पुढच्या पांढऱ्या कापडावर डाग पडतो आणि दोष कात्रीला जातो.

किंमतीचे बोलायचे तर शेफील्डच्या एका हातजुळणीच्या जोडीच्या पैशांत मेरठच्या डझनभर सहज येतात. खरी स्पर्धा मात्र शेफील्डशी नाही, प्लास्टिक मुठीच्या, पत्र्यातून ठोकून काढलेल्या कात्र्यांशी आहे. फिनलंडच्या फिस्कार्सने १९६७ मध्ये नारिंगी प्लास्टिकची मूठ आणली तेव्हापासून जगभर तोच नमुना झाला, आणि त्यातला चांगला माल खरोखर चांगला आहे: हलका, पहिल्या दिवसापासून नीट कापणारा, प्रत्येक नग सारखा. महिन्याला एखादा परकर आणि उशीचे अभ्रे शिवणाऱ्याने तीच घ्यावी. त्यातल्या स्वस्त मालाची पाती पातळ आणि रिव्हेट ठोकून बंद केलेली असते. सैल झाली की आवळायला जागा नाही, फेकायची.

रोज चारसहा तास कापड कापणाऱ्याने मेरठची दहा इंची पितळी मुठीची कात्री घ्यावी, स्क्रूला मागून नट असलेलीच, आणि घेतल्याबरोबर एकदा जाणत्या धारवाल्याकडून बाक आणि धार जुळवून घ्यावी. तो खर्च कात्रीच्या किमतीतच धरा. धारवाला ओळखीचा नसेल तर गल्लीतल्या सर्वांत म्हाताऱ्या शिंप्याला विचारा, त्याला माहीत असतो.