तुर्की बोलायला शिकताना: लँग्वेज ट्रान्सफरचा मोफत ऑडिओ कोर्स

माध्यम इंग्रजी, पैसे शून्य. शिक्षक प्रश्न विचारतो, की लगेच पॉज करून उत्तर मोठ्याने द्यायचं. नुसतं ऐकत राहिलात तर काहीच हाती लागत नाही. प्रत्ययांची साखळी कानावर बसवायला ही पद्धत उत्तम. मराठीतही विभक्ती आणि वाक्याच्या शेवटी क्रियापद असल्याने आपल्याला अर्धं काम सोपंच.

उणीव अक्षरांची. १९२८ पासून तुर्की लॅटिन लिपीत लिहितात आणि तिथलं 'सी' हे अक्षर आपला 'ज' असतो. ऑडिओत ते दिसत नाही, म्हणून वर्णमाला आधी वेगळी शिकून घ्या.

अरबीतून आलेले शब्द मात्र आपल्याला आयतेच मिळतात: किताप, दुन्या, हाबेर, हेसाप (हॉटेलात बिल मागायला हाच शब्द). पण दोन ठिकाणी पाय घसरतो. स्वराने सुरू होणारा प्रत्यय लागला की शेवटचा 'प' बहुधा 'ब' होतो: किताप, पण 'पुस्तकाला' म्हणताना किताबा. दुसरं, स्वरसंगतीच्या (प्रत्ययातला स्वर शब्दातल्या शेवटच्या स्वराशी जुळवण्याच्या) नियमाने 'साआत'चं (तास, घड्याळ) अनेकवचन 'साआतलार' व्हायला हवं, होतं 'साआतलेर'. असे अपवाद मूळ अरबी शब्दांतच जास्त, तेव्हा शब्द अनेकवचनासकट पाठ करा. अरबीचं अनेकवचन 'कुतुब' इथे चालत नाही, कितापलारच म्हणायचं. आणि 'मिसाफिर' म्हणजे प्रवासी नव्हे, पाहुणा.

बोलण्याच्या पायासाठी घ्याच. वाचन-लेखनासाठी सोबत एखादं सरावपुस्तक लागेल.