जुर्चेन-मांचू भित्तीतक्ता : घ्यावा, पण दुरुस्त करून टांगावा

साताऱ्यात पोवई नाका ते राजवाडा या पट्ट्यात स्पर्धा परीक्षांची पुस्तकं विकणाऱ्या एका दुकानात हा तक्ता २२० रुपयांना मिळतो. आकार २० बाय ३० इंच, कागद जाड, वर चकचकीत लॅमिनेशन. ट्यूबलाइटच्या समोरच्या भिंतीवर लावला तर मधला नकाशा दिसतच नाही, बाजूच्या भिंतीवर लावावा.

जुर्चेन म्हणजे आजच्या ईशान्य चीनमधले लोक. त्यांनीच पुढे ‘मांचू’ हे नाव घेतलं. तक्त्यावर डावीकडचा, त्यांच्या जिन साम्राज्याचा भाग निर्दोष आहे. १११५ मध्ये वान्यान आगुदाने राज्य स्थापलं, ११२५ मध्ये खितान लोकांचं ल्याओ साम्राज्य संपलं, ११२७ मध्ये चीनच्या सुंग घराण्याची राजधानी काइफंग पडून त्याचे दोन सम्राट कैद झाले, ११५३ मध्ये राजधानी आजच्या बीजिंगच्या जागी आली आणि १२३४ मध्ये मंगोलांनी सुंगांच्या मदतीने सगळं संपवलं. जिन आणि सुंग यांच्यातली हुआइ नदीची सरहद्दही बरोबर जागी आहे.

घोटाळा पुढे आहे. आगुदापासून मांचू सत्तेचा पाया घालणाऱ्या नुरहाचीपर्यंत सरळ वंशरेषा ओढली आहे. नुरहाची (जन्म १५५९) आइसिन ग्योरो कुळातला, आगुदा वान्यान कुळातला. मधल्या काळात जुर्चेनांचे ज्यानचौ, हायशी आणि ‘रानटी’ म्हटले जाणारे असे वेगळे गट होते. १६१६ मध्ये नुरहाचीने आपल्या राज्याला पुन्हा ‘जिन’ हे नाव दिलं. नाव घेतलं म्हणून वंश जुळत नाही. ती रेषा पांढऱ्या चिकटपट्टीने झाकावी आणि वर परमनंट मार्करने तुटक रेषा काढावी. साधं पेन लॅमिनेशनवर उमटत नाही.

आठ निशाणांचा, म्हणजे झेंड्याच्या रंगावरून ओळखल्या जाणाऱ्या मांचूंच्या आठ लष्करी विभागांचा चौकोन मात्र तक्त्याचा जीव आहे, आणि सर्वांत मोठी चूकही तिथेच आहे. पिवळं, पांढरं, लाल, निळं, प्रत्येकी एक साधं आणि एक काठाचं. तीन रंगांना लाल काठ, पण लाल निशाणाला पांढरा काठ असतो, नाहीतर काठ दिसणार कसा? छापणाऱ्याने चारही निशाणांना लालच काठ दिल्याने दोन लाल निशाणं हुबेहूब सारखी झाली आहेत. पांढऱ्या पोस्टर रंगाने हे पाच मिनिटांत सुधारतं. आधी लॅमिनेशन बारीक पॉलिशपेपरने घासून घ्यावं, नाहीतर रंग सुटतो.

हिशेब बरोबर आहे: निरू ही सर्वांत लहान तुकडी, एका निरूत ३०० माणसं, पाच निरूंचा एक जालान, पाच जालानांचं एक निशाण, म्हणजे ७५०० आणि आठांची मिळून ६०,०००. पण ही कागदावरची संख्या. प्रत्यक्षात निरू कमी-जास्त भरत, हे कुठेच लिहिलेलं नाही. शिवाय १६१५ च्या खाली २४ निशाणं दाखवली आहेत. तेव्हा आठच होती. मंगोलांची आठ १६३५ मध्ये, हान चिन्यांची आठ १६४२ पर्यंत पूर्ण झाली. ‘जुर्चेन’ म्हणू नका, ‘मांचू’ म्हणा, हा नुरहाचीचा मुलगा होंग ताइजी याचा हुकूमही १६३५ चाच आणि राज्याचं ‘छिंग’ हे नाव १६३६ चं. ही दोन्ही वर्षं तक्त्यावर ठळक हवी होती, ती कोपऱ्यात बारीक अक्षरांत गेली आहेत.

लिपीचा नमुना पाहून हसू येतं. मांचू लिपी वरून खाली लिहितात आणि ओळी डावीकडून उजवीकडे सरकतात. इथे ती आडवी पडली आहे. उभ्या लिपीची सोय नसलेल्या सॉफ्टवेअरमध्ये हमखास असंच होतं. १५९९ मध्ये मंगोल अक्षरांवरून ही लिपी घेतली तेव्हा ‘त’ आणि ‘द’ एकाच चिन्हाने लिहीत. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ संदर्भाने लावून घ्यावे लागतात, तसाच प्रकार. १६३२ मध्ये दाहाई या विद्वानाने टिंबं आणि वर्तुळं घालून हा गोंधळ मिटवला. या छपाईत नेमकी तीच टिंबं उडाली आहेत. नमुना कापून उभा चिकटवला तरी टिंबं परत येत नाहीत, तेव्हा तो झाकलेलाच बरा.

तळाची ‘त्याच वेळी आपल्याकडे’ ही पट्टी छान आहे: रायगडावर १६७४ चा राज्याभिषेक, तिकडे छिंग सम्राट कांगशीविरुद्ध सेनापती वू सानग्वेईचं बंड ऐन भरात. पण पट्टी १७०७ लाच थांबते. साताऱ्यात विकायच्या तक्त्यात १८३९ नसावं? इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढलं त्याच वर्षी छिंग अधिकारी लिन झशूने दक्षिण चीनमधल्या हूमनला इंग्रज व्यापाऱ्यांची अफू नष्ट करून इंग्रजांशी वैर ओढवून घेतलं होतं.

‘भाषा नामशेष’ ही शेवटची ओळ खोडावी. १७६४ मध्ये चीनच्या पश्चिम टोकाच्या शिनच्यांगला पाठवलेल्या शिबे जमातीच्या सैनिकांचे वंशज मांचूला अगदी जवळची बोली आजही बोलतात. घेताना गुंडाळी दुकानातच उलगडून लाल निशाणं पाहावीत. चारही काठ लाल असतील तर दहा-वीस रुपये कमी करून मागायला हरकत नाही.