फ्रीकॅड १.०: आयएफसी हीच मूळ फाइल

वास्तुविशारदाने तयार केलेले इमारतीचे मॉडेल संरचना अभियंत्याकडे जाऊन परत आले, की त्यातल्या काही भिंती भिंती न राहता नुसते ठोकळे झालेले असतात, हा अनुभव या व्यवसायात कोणाला नवा नाही. म्हणूनच नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या फ्रीकॅड १.० या रेखाटनाच्या व त्रिमितीय मॉडेलच्या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमध्ये मी रेखाटनाच्या साधनांच्या आधी खुल्या मानकांचे, म्हणजे कोणत्याही सॉफ्टवेअरला वापरता येणाऱ्या फाइल-स्वरूपांचे, काय केले आहे, ते पाहिले.

बहुतेक कॅड (संगणकावर आराखडे करण्याच्या) सॉफ्टवेअरमध्ये आयएफसी, म्हणजे इमारतीच्या मॉडेलची देवाणघेवाण करण्याचे खुले मानक, हे निर्यातीचे स्वरूप असते. मूळ काम सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या फाइलीत राहते आणि आयएफसीत त्याचे भाषांतर जाते. प्रत्येक भाषांतरात थोडे काही गळते. फ्रीकॅडच्या बिम वर्कबेंचने, म्हणजे इमारतींच्या मॉडेलसाठीच्या साधनांच्या विभागाने, हा क्रम उलटा केला आहे. येथे आयएफसी फाइल थेट उघडता येते, तिच्यातील घटक बदलता येतात आणि सेव्ह केल्यावर तीच फाइल बदलते. हे शक्य होते, कारण आयएफसी फाइल ही मुळात साधा मजकूर असते: प्रत्येक ओळीला क्रमांक आणि प्रत्येक ओळीत एक घटक किंवा त्याचा गुणधर्म. आयएफसीओपनशेल ही मुक्तस्रोत लायब्ररी (तयार कोडचा संच) त्या ओळी वाचते व लिहिते, आणि खिडकीचे नाव बदलले तर फक्त त्याच्याशी संबंधित ओळ बदलते, बाकीची फाइल जशीच्या तशी राहते. गिटसारख्या, फाइलींतील बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत दोन आवृत्त्या शेजारी ठेवून कोणी काय बदलले हे पाहता येणे, हा माझ्या दृष्टीने या आवृत्तीचा सर्वांत मोठा लाभ आहे.

मोठी फाइल उघडताना काय काय आणायचे ते विचारले जाते: केवळ प्रकल्पाचा मूळ घटक, मजल्यांची रचना, की सर्व काही. आकार पूर्ण घनरूपात न आणता नुसता दिसण्यापुरता आणण्याचीही सोय आहे आणि साधारण संगणकावर काम करणाऱ्याने तीच आधी वापरावी. संपूर्ण दस्तऐवज आयएफसीला बांधून ठेवायचा, की त्यात इतर वस्तूही राहू द्यायच्या, हेही वापरणाऱ्याने ठरवायचे असते. मात्र हा फरक नवख्याच्या सहज लक्षात येत नाही.

उणीव आहे ती आकार बदलण्यात. बाहेरून आलेल्या भिंतीचे नाव, वर्ग, गुणधर्म बदलणे सोपे आहे, पण तिचा गुंतागुंतीचा आकार फ्रीकॅडमध्येच काढलेल्या भिंतीसारखा हाताळता येत नाही. याचा दोष सर्वस्वी फ्रीकॅडचा नव्हे; एकच भिंत अनेक प्रकारे लिहिण्याची मुभा मानकच देते.

यंत्रभागांच्या फाइलींसाठी स्टेप हे स्वरूप, म्हणजे आयएसओ १०३०३ हे मानक, हेच अजून चलनी नाणे आहे. फ्रीकॅडचा भूमितीचा गाभा ओपन कॅस्केड या मुक्तस्रोत लायब्ररीचा असल्यामुळे ही बाजू जुनी व भक्कम आहे, आणि एपी २०३, एपी २१४ किंवा एपी २४२ या स्टेपच्या पोटप्रकारांपैकी कोणत्या प्रकारात निर्यात करायची ते प्राधान्यांत ठरवता येते. घनाकार नीट जातो, पण स्केच (सपाट रेखाटन) व पॅड (त्याला जाडी देऊन केलेला घन) यांचा इतिहास जात नाही. समोरच्याला पूर्ण झालेला भाग मिळतो, तो घडला कसा हे मिळत नाही. डीडब्ल्यूजी या ऑटोकॅडच्या फाइलींसाठी तर वेगळे रूपांतरक सॉफ्टवेअर बसवावे लागते, तेव्हा ज्या कार्यालयाचा सगळा व्यवहार त्या फाइलींवर चालतो त्याने एवढ्यात जुना परवाना सोडू नये.

ज्यांना सल्लागारांकडून आलेल्या आयएफसी फाइली तपासायच्या, त्यांतील गुणधर्म दुरुस्त करायचे आणि परत पाठवायच्या आहेत, त्यांना मी हे सॉफ्टवेअर निःशंकपणे सुचवीन. ते विनामूल्य आहे आणि विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हींवर चालते. फक्त आलेल्या फाइलीची प्रत काढून मगच काम सुरू करावे, कारण येथे सेव्ह केलेला बदल थेट मूळ आयएफसीतच उतरतो.