मायक्रोबिट व्ही२ : आखाजी ते दिवाळी वापरून झाल्यावर

खेळण्याचा चालता नमुना लवकरात लवकर पोरांच्या हातात पडला पाहिजे, एवढ्या एकाच अपेक्षेने मी मायक्रोबिट हा प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड घेतला. अमळनेरला घरच्या ओट्यावर त्यावर बरेच खेळ उभे केले, आणि या अपेक्षेला तो पुरेपूर उतरला.

काडेपेटीएवढ्या बोर्डावर २५ एलईडी, दोन बटणं, हालचाल ओळखणारा सेन्सर, मायक्रोफोन, स्पीकर आणि रेडिओ, सगळं आधीच बसवलेलं. सोल्डरिंग नाही. मेककोड या वेबसाइटवर सूचनांचे ठोकळे स्क्रीनवरच जोडायचे, स्क्रीनवरच्या नकली बोर्डावर चालवून बघायचे, मग यूएसबीने फाइल टाकायची. लाइट गेली तरी दोन ट्रिपल ए सेलवर खेळ चालूच राहतो, आणि आमच्याकडच्या उन्हाळ्यात ही मोठीच सोय.

सगळ्यात मजा खालच्या कडेच्या मोठ्या भोकांची. ०, १ आणि २ या तीन पिना, शिवाय ३ व्होल्ट आणि ग्राउंड, म्हणजे सर्किट जिथे येऊन पूर्ण होतं ते टोक. त्यांना वायरीच्या चिमटा-क्लिपा लावायच्या. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहीण माहेरी आली तेव्हा तिच्या पोरांसाठी ‘आधी कोण’ हा खेळ केला. एक क्लिप भरताच्या वांग्यात, दुसरी केळ्यात, ग्राउंडला स्टीलचे दोन चमचे. एका हातात चमचा धरायचा आणि दिवा लागला की दुसऱ्या हाताने आपल्या फळाला शिवायचं. धाकट्या भाचीने चमचा धरून भावाचा कान पकडला. भावाच्या हातात चमचा नव्हताच, तरी त्याचा हात केळ्याला लागताच गुण पडला! सर्किट दोघांच्या अंगातून पूर्ण झालं होतं. पोरांनी तिथल्या तिथे नियम फिरवला : एकाकडे चमचा, दुसऱ्याचा हात केळ्यावर, मधे टाळी दिली की गुण. हा टाळीचा खेळ माझ्या मूळ खेळापेक्षा कितीतरी सरस निघाला. मी ठोकळे बदलत होतो तोवर “मामा, आते मनी पाळी शे!” (आता माझी पाळी!) सुरू. वहीतल्या आराखड्यात असलं काही सुचत नाही. मात्र असे खेळ सेलवरच खेळा, चार्जरला लावलेल्या लॅपटॉपला बोर्ड जोडून नको.

पावसाळ्यात वेगळाच त्रास. पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या फॉइलला कोणी न शिवताच गुण पडायला लागले. पुठ्ठा सर्द झाला की त्यातून थोडा करंट वाहतो आणि या पिनांना तेवढाही पुरतो. फॉइलखाली प्लॅस्टिकची फाइल कापून लावली, प्रश्न मिटला.

उणिवा आहेतच. उन्हात एलईडी दिसत नाहीत. क्लिपा धसमुसळ्या खेळात निसटतात. छोटी सर्वो मोटर (सांगितलेल्या कोनात फिरणारी) बोर्डाच्या ३ व्होल्टवर चालवू नका, तिला वेगळे चार सेल द्या आणि दोन्हींचं ग्राउंड एकत्र जोडा. किंमतही जास्त, तेवढ्यात अर्डुइनो नॅनो या दुसऱ्या छोट्या बोर्डाच्या दोन-तीन नकला सहज येतात. म्हणून खेळणं कायमचं एखाद्या शाळेला द्यायचं असेल तर नमुना यावर पक्का करावा आणि मग नॅनोवर न्यावा.

जमलं तर मात्र दोन बोर्ड घ्या. दोन्हींचा रेडिओ ग्रुप (प्रोग्रॅममध्ये द्यायचा नंबर) एकच ठेवला की बिनवायरची रस्सीखेच होते : जो जास्त हलवेल त्याच्याकडे ठिपका सरकतो. दिवाळीत आमच्या गल्लीत मोठी माणसंसुद्धा त्यासाठी नंबर लावून उभी होती.