ड्रोन हल्ला: युद्धाचा कायदा की पोलिसी कायदा?
दाबोळीला नौदलाचा हंसा तळ आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये भारताने अमेरिकेकडून 31 एमक्यू-9बी हे सशस्त्र ड्रोन घेण्याचा करार केला, त्यांतले 15 नौदलासाठी. तेव्हा वास्को-मडगावात राहणाऱ्यांनाही हा प्रश्न परका नाही: ड्रोनने माणूस मारला तर तो कुठल्या कायद्याने तोलायचा?

युद्धाचा कायदा लावला तर समोरचा शत्रूचा लढवय्या असणं पुरेसं. तो झोपेत असला तरी चालतं. नागरिकांची हानी लष्करी फायद्याच्या मानाने अवाजवी नसावी, ही मुख्य अट. अमेरिकेने 9/11 हल्ल्यामागच्यांवर बळ वापरायची मुभा देणाऱ्या 2001 च्या संसदीय ठरावाच्या आधारे हीच चौकट येमेन-सोमालियापर्यंत ताणली.

मानवाधिकारांचा कायदा पोलिसी शिस्तीचा. आधी पकडा, जीव वाचवायचा दुसरा मार्गच उरला नाही तरच मारा. ड्रोन अटक करू शकत नाही, त्यामुळे तो इथे जवळजवळ बादच होतो. दुर्गम भागात पोलीस पोचत नाहीत, हा आक्षेप खरा आहे.

तरी रणभूमीबाहेर मला ही मानवाधिकारांचीच चौकट पटते, आणि चौकशी तर दोन्हीकडे तिच्याच धर्तीवर हवी. 29 ऑगस्ट 2021 ला काबूलमध्ये अमेरिकी ड्रोनने एक पांढरी कोरोला उडवली. 10 नागरिक गेले, त्यांत 7 मुलं. पेंटागॉनने चूक मान्य केली, शिक्षा मात्र कुणालाच झाली नाही. तपासही लष्करानेच केला. आपल्या ड्रोनांबाबत ही चौकशी कोण करणार, ते संसदेने आधीच लिहून ठेवावं.