यूव्ही बॅलास्ट यंत्रणा: खोल पाण्यात राणी, गाळात रडूबाई (5 पैकी 3 तारे)

जहाजाचा तोल राखायला टाक्यांत भरलेल्या (बॅलास्ट) पाण्यातले जीव अतिनील (यूव्ही) प्रकाशानं मारणारी ही यंत्रणा. उघड्या समुद्रात हिच्याबद्दल तक्रार नाही. रसायनं साठवायची नाहीत, पाणी सोडताना त्यातलं क्लोरीन निष्प्रभ करत बसायचं नाही. यूव्ही दिव्यांवरच्या क्वार्ट्झ नळ्या पुसणारा वायपर तर झकास! पण नदीमुखावरचं बंदर आलं की गाळानं फिल्टर तुंबतो, बॅकफ्लश (उलट्या प्रवाहानं फिल्टर धुणं) थांबता थांबत नाही, प्रवाह घटतो आणि चीफ ऑफिसर वॉकीटॉकीवर ओरडू लागतो. गढूळ पाण्यात प्रकाशच पोचत नाही, मग अलार्म. आणि डी-2 मध्ये, म्हणजे बॅलास्ट पाणी सोडण्याच्या आंतरराष्ट्रीय निकषात, सूट कसली? 50 मायक्रॉन किंवा त्याहून मोठे जिवंत जीव घनमीटरमागे 10 पेक्षा कमीच हवेत. कायम गाळाच्या बंदरांत जाणाऱ्यांनी इलेक्ट्रोक्लोरिनेशन (खाऱ्या पाण्यातून विजेनं क्लोरीन बनवणारी यंत्रणा) बघावं; फक्त गोड्या पाण्यात त्याचीही पंचाईत, त्याला मीठ लागतं.